देवकाबाईचा डावखुरा

देवकाबाईला कुणी भित्री म्हणू नये. बिबट्यानं गोठ्यातलं वासरू उचललं तेव्हा एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धानाच्या बांधीपर्यंत, म्हणजे शेतापर्यंत, त्याच्यामागे धावलेली बाई ती. वासरू काही मिळालं नाही, पण बिबट्यानं पुन्हा आमच्या सौंदड गावाचं नाव घेतलं नाही. या बाईला जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची. आपला रेवाराम चार माणसांत जेवायला बसेल, याची.

रेवाराम डावखुरा होता. बस्स, एवढंच. डोळे चांगले, पाय चांगले, अंगानं सागाच्या खांबासारखा, धानाचं पोतं एका दमात पाठीवर घेणारा. पण घास उचलायचा डाव्या हातानं. आमच्याकडे डाव्या हाताला कोणती कामं नेमून दिलेली आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि भात खाणं हे त्यातलं नाही. अशा माणसाला गावात 'डेबऱ्या' म्हणायचे. देवकाबाईच्या अंगणाजवळून जाताना मात्र कुणी म्हणायचं नाही.

तिचा नवरा दुधराम तापानं गेला तेव्हा रेवाराम नुकताच आपल्या हातानं जेवायला शिकला होता. देवकाबाईनं दोन कामं अंगावर घेतली, पाच एकर धान आणि पोराचा डावा हात. धानाचं तिला जमलं.

हातासाठी तिनं जुन्या लुगड्याची पट्टी काढली. जेवणाच्या वेळी पट्टीनं पोराचा डावा हात कमरेशी बांधायची. पोरगा दातांनी गाठ सोडायला शिकला. तिनं गाठ पाठीमागे नेली. पोरगा थाळीत तोंड घालून जेवायला शिकला. शेवटी तिनं पट्टी सोडली आणि दार लावून घेतलं. 'खाय बापा, कोनी पाहत नाही.' शाळेत मास्तरांनी पाटीवर डाव्या हातानं 'ग' काढताना पाहून त्या हातावर छडी मारली, तर दुसऱ्या दिवशी देवकाबाई शाळेत हजर. मास्तरांना म्हणाली, "पुन्हा मारलं तर तुमचाच हात ठेवत नाही." आणि पोराला घरी घेऊन आली. रेवारामचं शिक्षण 'ग' पाशीच थांबलं. आईची माया अशी असते, मध्ये अक्षरं आली तरी चिरडून जाते.

लग्नकार्यात मोठी पंचाईत व्हायची. सगळा गाव पंगतीत आणि रेवाराम बैलगाडीच्या मागे, पत्रावळ घेऊन एकटा. कुणी विचारलं की देवकाबाईकडे उत्तर तयार असायचं, "पोराच्या उजव्या हाताले लचक भरली जी." ही लचक त्याला मिसरूड फुटायच्या आधी भरली होती आणि दाढी करायला लागला तरी उतरली नव्हती. शेजारच्या सुशीलाबाईनं एकदा न राहवून विचारलं,

"काऊन वो देवका, पोतं उचलताना तर हात बराबर वळते त्याचा?"

"पोत्याले वळते. तोंडाले वळत नाही."

"अवो बाप्पा! असा कोनता रोग?"

"तुले काय करायचं? तुया घरी जेवाले येऊन राहिला का तो?"

गावाला सगळं माहीत होतं आणि गावाला काहीच माहीत नव्हतं. परगावच्या सोयऱ्यांना मात्र एवढंच कळायचं की मुलाच्या हातात काहीतरी दोष आहे. त्यामुळे स्थळं कमी यायची, आणि जी यायची त्यांना देवकाबाई आधीच नाही म्हणून मोकळी व्हायची. एक मुलगी फार हसते. एकीचं गाव फार लांब. एकीचा भाऊ डोळे बारीक करून पाहतो. मी देवकाबाईच्या शेजारचा, तिला काकी म्हणायचो. मी एकदा विचारलं, "काकी, भाऊ डोळे बारीक करते त्यात पोरीचा काय दोष?" तर म्हणाली, "मॅट्रिक झाला ना तू? मंग तुले कसं समजन."

आता धानकापणीचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली.

कापणारे ओळीनं बसतात. डाव्या हातात धानाची मूठ धरायची, उजव्या हातानं विळा ओढायचा. ओळीत मध्येच डावखुरा बसवला तर दोन विळे एकमेकांशेजारी येतात आणि संध्याकाळी बांधीत धानाबरोबर बोटंही वेचावी लागतात. देवकाबाईनं यावर खूप विचार केला. तिनं रेवारामला ओळीच्या डाव्या टोकाला बसवलं. म्हणजे त्याचा विळा बाहेरच्या बाजूला, आणि आतल्या बाजूला त्याचा विळ्यापासून मोकळा उजवा हात. त्याच्या शेजारी जो बसेल त्याचा मोकळा डावा हात. विळा विळ्याला लागण्याची भीतीच नाही. शेजारी कोण असावं यावरही तिनं विचार केला. खाली मान घालून काम करणारं, कमी बोलणारं कुणीतरी पाहिजे. तिनं उदेभानची मुलगी फुलवंता निवडली. उदेभानची बांधी लागूनच होती आणि कापणीला दोन्ही घरं एकमेकांकडे यायची.

म्हणजे जगातल्या सगळ्या इजा टाळून या बाईनं आपल्या जवान पोराचा मोकळा हात एका जवान मुलीच्या मोकळ्या हाताशेजारी दिवसभर नेऊन ठेवला. आणि मग स्वतःच विचारत राहिली, हे झालं कसं?

पहिल्याच दिवशी दोघांनी धानाची एकच मूठ धरली.

"सोड ना, मूठ माझी हाये," फुलवंता मान खाली घालूनच म्हणाली.

"तुझी कशी? धान माझ्या मायचं हाये."

"धान मायचं. मंग हा हात कोनाचा हाये माझ्या हातावर?"

रेवारामला हात उचलणं सुचलं नाही. हे मला त्यानंच सांगितलं, आणि सांगताना इतका लाजला की मलाच खाली पाहावं लागलं.

पुढच्या दिवाळीपर्यंत गोष्ट उदेभानच्या कानावर गेली. उदेभान हिशेबी माणूस नव्हता, पण हट्टी होता. तो सरळ देवकाबाईच्या अंगणात आला.

"बाई, पोरगी द्याले माझी ना नाही. पोरगा मेहनती हाये. पन माझा जावई लग्नाच्या पंगतीत माझ्या बाजूले बसून जेवल. गाडीमागे नाही. चालते का सांगा."

"त्याच्या हाताले लचक..."

"लचक-बिचक राहू द्या जी. डेबऱ्या हाये म्हना एकदा तोंडानं. मले काही फरक पडत नाही."

देवकाबाई आत निघून गेली आणि दार लावून घेतलं. उदेभान बाहेरून म्हणाला, "देवरीचे पाहुने मंडई भरली का तिसऱ्या दिवशी येऊन राहिले साक्षगंधाले. तवरोक बोलले तर बोला. नाही तर फुलवंता देवरीले गेली समजा."

रेवारामनं आईची विनवणी केली. आई म्हणाली, "मी तुले साऱ्या गावाच्या हसन्यातून वाचवलं, अन तू मांडवात बसून सारं मातीत घालतं?" तो म्हणाला, "माय, मले वाचवू नको ना आता." ती म्हणाली, "भात वाढू का?" आणि दार लावलं.

त्याच दिवाळीच्या तोंडावर सरकारनं राज्यांची फेरमांडणी केली आणि मध्यप्रदेशात झोपलेले आम्ही मुंबई राज्यात जागे झालो. सौंदडात फरक काही पडला नाही. तेच तलाव, तीच छोटी रेल्वेगाडी. पण बायकांना फार गंमत वाटली. सुशीलाबाई आठवडाभर सांगत होती, 'आता आपन मुंबईवाले.'

आणि मंडईच्या दिवशी मुंबई खरोखरच आली, तंबूत घालून. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि सोयऱ्यांची गर्दी, संध्याकाळी दंडार, म्हणजे गावच्याच पोरांनी लुगडी नेसून केलेलं नाटक. त्या वर्षी गोंदियाहून मुन्नालाल नावाचा माणूस सिनेमाचा तंबू, इंजिन आणि मशीन घेऊन आला. सिनेमाचं नाव कुणालाच कळलं नाही, कारण पोस्टर दुपारीच शेळीनं खाल्लं.

गावचे वडीलधारे बकाराम तंबूच्या तोंडाशी उभे राहिले. "बाया अन मानसं अंधारात एका जागी बसनार नाही."

"अरे दादा, तो बीच में परदा है ना!" मुन्नालाल म्हणाला. "मर्द आगे बैठें, औरतें परदे के पीछे. तस्वीर उधर भी दिखती है, एकदम साफ."

बकारामांचं समाधान झालं. अशा रीतीनं सौंदडच्या पुरुषांनी सिनेमा समोरून पाहिला आणि बायकांनी पाठीमागून. पाठीमागून पाहिलं की कापडावरचं चित्र उलटं दिसतं, उजवं ते डावं, डावं ते उजवं. हे मुन्नालालला माहीत होतं, मला माहीत होतं. बायकांना कुणी सांगितलं नाही. सुरुवातीची अक्षरं उलटी होती, पण ती सुलटी असती तरी वाचणार कोण? पडद्यावरच्या बायांचे पदर उजव्या खांद्यावर दिसले तेव्हा आमच्या बायकांना वाटलं, मारवाडणी असतील.

सिनेमा एका आईचाच होता. मोठी हवेली, श्रीमंत विधवा, आणि तिचा एकुलता एक मुलगा, एका पायानं लंगडा. लोक हसतील म्हणून ही आई त्याला हवेलीबाहेर जाऊ देत नाही. माळ्याची मुलगी त्याच्यावर जीव टाकते. आई तिला हाकलून देते. मुलगा खिडकीत बसून गाणी म्हणतो, आणि इतकी म्हणतो की हाकललेली मुलगी परत येते.

देवकाबाई पाठीमागच्या बाजूला ढसाढसा रडत होती. पदरानं नाक पुसत सुशीलाबाईला म्हणाली, "काय राक्षसीन माय हाये वो! पोराचा जीव जाऊन राहिला अन हे कडी लावून बसली. अशी कोनी माय असते का?"

सुशीलाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "नाही बाप्पा," ती म्हणाली, "अशी कुठं असते."

सिनेमा काढणाऱ्यानं इतका खर्च करून जे सांगितलं ते या बाईच्या डोक्यावरून असं निघून गेलं. पण मध्ये एक प्रसंग आला. लंगडा मुलगा हवेलीतून पळून माळ्याच्या झोपडीत जातो, जमिनीवर बसतो आणि मुलीच्या हातची भाकर खातो. बाकी बायकांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं, कारण ते तोंड तसं होतंच. देवकाबाईचं लक्ष हाताकडे गेलं. आयुष्यभर तिनं थाळीवर येणारे हातच पाहिले होते. आणि तो हात डावा होता! मुंबईचा एवढा देखणा, रेशमी सदऱ्यातला माणूस डाव्या हातानं भाकर खात होता, समोर मुलगी हसून वाढत होती आणि कुणी त्याला गाडीमागे बसवत नव्हतं.

तिचं रडणं थांबलं ते थांबलंच.

सकाळी देवकाबाईनं थाळी अंगणात मांडली. अगदी रस्त्याच्या कडेला. "बस रेवा. डाव्या हातानं खाय."

"इथं?"

"इथंच. आता आपन मुंबई राज्यात हावो ना? मुंबईत असंच खातात. मी डोळ्यानं पाहिलं."

रेवारामनं माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवून म्हटलं, खा. तो खायला बसला. तेवढ्यात देवकाबाई उदेभानच्या घरी पोचलीसुद्धा.

"उदेभान भाऊ, देवरीवाल्याईले नाही म्हना. माझा पोरगा तुमच्या बाजूले बसून जेवल. सिनेमातला तो पोरगा खाते तसा, डाव्या हातानं."

दुसरा कुणी बाप असता तर त्यानं साखर वाटली असती. पण उदेभानला जन्मात कधी चुकीची गोष्ट ऐकून गप्प बसता आलं नव्हतं.

"डाव्या हातानं? उजव्या हातानं खाल्लं जी त्यानं. मी पुढंच बसलो होतो."

"डाव्या."

"उजव्या! मी का आंधळा हावो?"

आतून फुलवंता ओरडली, "बाबा, तुम्ही चूप राहा ना! डाव्याच हातानं खाल्लं, मीबी पाहिलं!" पण उशीर झाला होता. दुपारपर्यंत सौंदडात एकही घर शांत नव्हतं. पुरुष म्हणत उजवा, बायका म्हणत डावा. मग लंगड्या पायावरून सुरू झालं, कारण तोही दोघांचा वेगळा. बकारामांच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. नवऱ्याला पाय कोणता ते कळत नसेल तर भाकर कोणत्या तोंडानं मागतो, असं त्यांच्या बायकोनं विचारलं. मी एक कापड घेऊन त्यावर कोळशानं हात काढून दोन्ही बाजूंनी लोकांना दाखवत फिरलो. लोक म्हणाले, हात चांगला काढला आहे.

संध्याकाळी देवकाबाईनं शेवटचं सांगितलं. "आज मी पुढं मानसांत बसून पाहतो. डाव्या हातानं खाल्लं तर पोरगी माझी. उजव्या हातानं खाल्लं, तर मी खोटी. मंग उद्या देवरीचे पाहुने येवोत, मी या गोष्टीचं पुन्हा नाव काढनार नाही."

रेवारामचं तोंड उतरलं. आम्ही दोघे मुन्नालालकडे धावलो. तेवढा जेवणाचा तुकडा आजच्या दिवस गाळता येईल का?

"भैया, फिल्म है, ककडी नहीं कि बीच से काट के फेंक दूँ," मुन्नालाल म्हणाला. "और माँजी को पीछे ही बिठा दो ना?"

तिला पाठीमागे बसवणारा माणूस अजून जन्मायचा होता. बकाराम आडवे आले, "बाईमानूस मानसांत?" तर म्हणाली, "कोन उचलून नेते मले, पाहतो ना मी," आणि अगदी पुढे, मधोमध जाऊन बसली. तिच्या मागे दोन ओळी सोडून उदेभान. फुलवंता पडद्याच्या पलीकडे, बायकांत.

त्या संध्याकाळी पुरुषांपैकी कुणीच सिनेमा पाहिला नाही. सगळे देवकाबाईच्या मानेकडे पाहत होते. हवेली आली, खिडकी आली, गाणी आली. मुलगा झोपडीत गेला. जमिनीवर बसला. मुलीनं भाकर ठेवली.

त्यानं उजव्या हातानं तुकडा मोडला.

माझ्या शेजारी रेवारामनं डोळे मिटून घेतले. उदेभान घसा खाकरून काही बोलणार होता, तेवढ्यात देवकाबाई उभी राहिली. मशीनच्या उजेडात तिची सावली अख्ख्या पडद्यावर पडली. झोपडी, भाकर, मुलगी, सगळं तिच्यात बुडालं. पलीकडच्या बायकांनी पाहिलं तर पडद्यावर तंबूएवढी देवकाबाई.

"कोनं बदलवला त्याचा हात?" ती ओरडली.

तिनं पडद्याकडे बोट केलं.

"काल डाव्या हातानं खात होता. हासून खात होता. आज पहा! घास उतरून नाही राहिला पोराच्या गळ्याखाली." दंडारीत गडी आज एक करतो, उद्या दुसरं करतो. सिनेमातली माणसंही रोज नव्यानं जेवतात, असाच तिचा समज. "ह्या हवेलीवाल्या भवानीले कळलं असन, चोरून जेवला म्हून. बांधला असन हात. रातभर बांधला असन, पाठीमागं गाठ मारून..."

लुगड्याच्या त्या पट्टीची गोष्ट तंबूतल्या प्रत्येकाला माहीत होती. लोक आपापल्या पायांकडे पाहू लागले.

मग ती वळली. उजेड सरळ तिच्या डोळ्यांत, तिला कुणीच दिसत नव्हतं.

"उदेभान भाऊ, कुठं बसले तुम्ही? माझा रेवा डेबऱ्या हाये. लहानपनापासून हाये. लचक-बिचक काही नाही. त्याचा हात आता मी बदलवत नाही अन कोनाले बदलवू देत नाही. देता का पोरगी?"

"बसा ना जी खाली!" मागून कोणीतरी ओरडलं. "पिच्चर चालली!"

उदेभान गोंधळला होता. तो वाद जिंकला होता, हात उजवाच निघाला होता, आणि कुणी त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हतं. "पन बाई, मी म्हनतच होतो का उजव्या..."

"बाबा!" कापडाच्या पलीकडून फुलवंताचा आवाज आला. "हो म्हना अन बसा!"

अख्खा तंबू हसला. उदेभान म्हणाला, "दिली बाप्पा, दिली! आता तरी सरका पुढून." देवकाबाई बसली. रेवाराम कुठे आहे म्हणून मी पाहिलं, तर तो तंबूबाहेर इंजिनाजवळ उभा राहून तोंड पुसत होता. म्हणाला, धूर गेला डोळ्यांत.

सकाळी उदेभाननं देवरीला निरोप पाठवला. फाल्गुनात लग्न झालं. पंगत बसली, उदेभाननं बोलल्याप्रमाणे जावयाला आपल्या उजव्या बाजूला बसवलं, आणि रेवारामनं सगळ्या सोयऱ्यांसमोर डाव्या हातानं पहिला घास उचलला. देवरीकडच्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला, बाकी लोक वरणाकडे वळले. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते संकट वरण वाढून होईपर्यंतच टिकलं.

पण देवकाबाई पाठीमागे उभी होतीच, हातात पंखा घेऊन.

"सरका उदेभान भाऊ, पोराचं कोपर लागून राहिलं तुमच्या कोपराले. जरा जागा द्या त्याले."

उदेभान सरकला. त्याच्या शेजारचा सरकला. त्याच्या शेजारचा सरकला. पत्रावळी, द्रोण, पाण्याचे तांबे, सगळी ओळ कुरकुरत एकेक वीत सरकत गेली. टोकाला बकाराम बसले होते. ते पत्रावळीसकट मांडवाबाहेर उन्हात गेले.

"अवो देवका, मी काय उन्हात जेवू?"

"जेवा ना जी," देवकाबाई पंखा हलवत म्हणाली. "तुमच्या हाताले का काही झालं हाये?"